आधी काय विझवायचं?

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठी, त्स्वेंटेनडॉर्फ या गावाजवळ, ६९२ मेगावॉटचं एक अणुवीज केंद्र उभं आहे. भट्टीचं पात्र, पंप, टर्बाइन, नियंत्रण कक्ष, सगळं बांधून पूर्ण झालं होतं. पण त्या भट्टीत अणुविखंडन एकदाही झालं नाही. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी देशभर सार्वमत झालं, ५०.५ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं आणि केंद्र सुरू होण्याआधीच संपलं. आज त्याच आवारात सौर पॅनेल बसवलेली आहेत.

अणुऊर्जेला विरोध करणारे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं आहेही. सामान्य माणसांनी एवढी मोठी गुंतवणूक मतपेटीतून थांबवली. पण या गोष्टीतलं पुढचं प्रकरण बहुतेक वेळा गाळलं जातं. विजेची गरज तर होतीच, आणि केंद्रासाठी उच्चदाबाच्या वाहिन्याही टाकून झाल्या होत्या. म्हणून तिथून जवळच, ड्युर्नरोरला, पर्यायी केंद्र उभारलं गेलं. ते कोळशावर चालायचं. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या त्या केंद्रात कोळसा जाळणं थांबलं ते २०१९ साली. म्हणजे अणूला दिलेल्या नकाराची किंमत तीस वर्षांहून जास्त काळ धुराने चुकवली गेली.

अक्षय ऊर्जेकडे जाताना अणुऊर्जेचं काय करायचं, या वादात मला त्स्वेंटेनडॉर्फ सारखं आठवतं. कारण हा वाद ‘अणू की सूर्य’ असा मांडला जातो, आणि तसा मांडला की तो कधी सुटतच नाही. दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. मला विचाराल तर खरा प्रश्न क्रमाचा आहे. आज चालू असलेल्यांपैकी आधी काय बंद करायचं, आणि उद्यासाठी आधी काय बांधायचं? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. बंद करताना कोळसा आधी, मग गॅस, आणि धडधाकट अणुभट्टी सगळ्यात शेवटी. बांधताना मात्र सूर्य आणि वारा आधी, आणि नवी अणुभट्टी जिथे खरोखर गरज आणि कुवत दोन्ही आहेत तिथेच. अणुसमर्थकांना यातलं दुसरं वाक्य आवडणार नाही, विरोधकांना पहिलं. मला दोन्ही मनापासून पटतात.

आधी कार्बनचा हिशेब, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात वेगवेगळ्या विजेचा जन्मापासून मरेपर्यंतचा हिशेब दिला होता. खाणकाम, बांधकाम, इंधन, मोडतोड, सगळं धरून. एका युनिटमागे कोळशाचा मध्यांक ८२० ग्रॅम, गॅसचा ४९०, मोठ्या सौर प्रकल्पांचा ४८, अणूचा १२ आणि जमिनीवरच्या पवनचक्क्यांचा ११. सौर पॅनेल बनवण्याची पद्धत तेव्हापासून सुधारली आहे, तो आकडा आता आणखी खाली असेल. पण खरी दरी कुठे आहे ते यातून स्पष्ट दिसतं. अणू, सूर्य आणि वारा एका काठावर आहेत, कोळसा आणि गॅस पलीकडच्या. आपण अलीकडच्या काठावरच्यांमध्ये भांडणं लावून बसलो आहोत.

या भांडणाची सगळ्यात मोठी किंमत जर्मनीने मोजली असं मला वाटतं, आणि हे मी त्या देशाबद्दलच्या आदराने लिहितो आहे. सौर ऊर्जा जगाला स्वस्तात मिळाली त्यात जर्मन वीजग्राहकांच्या खिशाचा मोठा वाटा आहे. पॅनेल महाग होती तेव्हा त्यांनी जास्त दर देऊन ती विकत घेतली, म्हणून कारखाने वाढले, म्हणून किमती पडल्या. आज त्या देशात वापरल्या जाणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज अक्षय स्रोतांची असते. हे यश कुणी नाकारू नये.

पण २०१० साली जर्मनीत १७ अणुभट्ट्या होत्या आणि देशाची पाचवा हिस्सा वीज त्या देत होत्या. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, २०११ साली, त्या २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं. कोळसा बंद करण्याचा कायदा झाला तो २०२० साली, आणि त्यात शेवटची मुदत घातली गेली २०३८ ची. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. ज्याचा धूर रोज माणसांच्या फुप्फुसात जातो त्याला सोळा वर्षं जास्त.

२०२३ च्या जानेवारीत ऱ्हाइनलँडमधली ल्युत्सराट नावाची वाडी पोलिसांनी रिकामी केली, कारण तिच्याखालचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, खणायचा होता. आंदोलक झाडांवरच्या घरांत बसले होते, त्यांना एकेक करून खाली उतरवलं गेलं. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, इझार-२, एम्सलँड आणि नेकारवेस्टहाइम-२ या शेवटच्या तीन भट्ट्या कायमच्या थांबल्या. प्रत्येकी सुमारे १४०० मेगावॉटच्या, १९८८-८९ च्या सुमाराला सुरू झालेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या.

यावर जर्मन धोरणाच्या समर्थकांचं उत्तर असं असतं की भट्ट्या बंद झाल्यावर कोळसा वाढला नाही, उलट घटला, आणि ऱ्हाइनलँडमधली मुदतही २०३० वर आणली गेली. हे खरं आहे. पण कोळसा घटला तो नव्या पवनचक्क्या, पॅनेल, आयात आणि घटलेली मागणी यांमुळे. भट्ट्या चालू राहिल्या असत्या तर तो त्याहून वेगाने घटला असता. नव्याने आलेल्या स्वच्छ विजेचा एक मोठा भाग जुन्या स्वच्छ विजेची जागा भरण्यात खर्ची पडला. गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखं हे काम, आणि इथे भोक आपणच पाडलेलं.

मग लोक अणूला इतके का घाबरतात? ही भीती अडाणीपणाची नाही. अणुसमर्थक इथे फार चूक करतात. ते मृत्यूंचे तक्ते फेकतात आणि समोरच्याला मूर्ख ठरवतात. तक्ते खरेच आहेत. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही एक अब्ज युनिट अणुवीज बनवताना जाणाऱ्या जीवांचं प्रमाण ०.०३ च्या आसपास येतं, कोळशाचं २५ च्या आसपास. कोळशाचे बळी हॉस्पिटलच्या खाटांवर एकेकटे जातात, त्यांची बातमी होत नाही. पण फुकुशिमाच्या परिसरातून दीड लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. किरणोत्साराने नव्हे, तर त्या धावपळीने, हलवाहलवीने, उपचार तुटल्याने दोन हजारांवर माणसं दगावली, बहुतेक म्हातारी. ज्याचं शेत, देऊळ, आईवडिलांची थडगी कुंपणापलीकडे राहिली, त्याला तक्ता दाखवून काय उपयोग?

त्या दुर्घटनेतून घ्यायचा धडा मात्र नीट घ्यायला हवा. ११ मार्च २०११ च्या भूकंपात भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. त्यानंतर आलेली सुमारे १४ मीटर उंचीची लाट तळघरातल्या डिझेल जनित्रांत शिरली आणि गाभा थंड ठेवणारे पंप थांबले. विखंडन थांबलं तरी गाभ्यातली उष्णता लगेच संपत नाही, ती काढत राहावीच लागते. एवढी मोठी लाट येऊ शकते हा अंदाज चालक कंपनीच्या हाती काही वर्षं आधीच आला होता, पण त्यावर काम झालं नव्हतं. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ साली या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटलं. आणि त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राच्या आणखी जवळ, ओनागावाचं अणुवीज केंद्र होतं. ते बांधताना एका जुन्या अभियंत्याने इतिहासातल्या लाटांचा दाखला देत जागा उंचावरच हवी असा हट्ट धरला होता, आणि केंद्र समुद्रसपाटीपासून १४ मीटरहून जास्त उंचीवर बांधलं गेलं. ते वाचलं. एवढंच नव्हे, घरं वाहून गेलेली शेजारच्या वस्तीतली शेकडो माणसं त्या केंद्राच्या आवारातच आसऱ्याला राहिली.

तीच लाट, तेच तंत्रज्ञान, आणि दोन वेगळे निकाल. म्हणून माझ्या लेखी अणुऊर्जेची सुरक्षितता मुळात संस्थांची सुरक्षितता आहे. नियामकाला कंपनीला ‘नाही’ म्हणता येतं का? खालच्या अभियंत्याने लिहिलेला इशारा वरपर्यंत पोहोचतो का? जिथे याचं उत्तर ‘नाही’ आहे तिथे अणुभट्टी असू नये. आणि जिथे ‘होय’ आहे, तिथे चालू भट्टी भीतीपोटी बंद करणं म्हणजे कोळशाच्या बळींकडे पाठ फिरवणं.

आता बांधण्याकडे येतो. इथे अणूची बाजू लंगडी आहे, आणि ते मान्य न करणाऱ्या समर्थकांवर विश्वास ठेवणं मला कठीण जातं. फिनलंडमधल्या ओल्किलुओटो-३ चं काम २००५ ला सुरू झालं, वीज २००९ पासून मिळणार होती, नियमित उत्पादन सुरू झालं २०२३ च्या एप्रिलमध्ये. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिल-३ चा सुरुवातीचा अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता, पुढे तो खुद्द कंपनीच्याच हिशेबात १३ अब्जांच्या वर गेला, आणि बारा वर्षांच्या उशिराने, २०२४ च्या डिसेंबरात, ती भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या व्होगल प्रकल्पाच्या दोन नव्या भट्ट्यांचा खर्च १४ अब्ज डॉलरवरून ३० अब्जांच्या पलीकडे गेला. कारणं बहुतेक सारखीच होती. आराखडा पूर्ण होण्याआधी काम सुरू, अणुदर्जाचं वेल्डिंग करणारे हात पिढीभरात नाहीसे झालेले, आणि प्रत्येक उशिरावर चढणारं व्याज.

हे असंच व्हावं असा नियम नाही. फ्रान्सने १९७४ साली अणुवीज वाढवण्याची मेस्मेर योजना आखली आणि जेमतेम पंधरा वर्षांत पन्नासच्या आसपास भट्ट्या उभ्या केल्या, कारण मोजकेच नमुने पुन्हा पुन्हा बांधले. संयुक्त अरब अमिरातीत कोरियन कंपनीने बाराकाला एकाच आराखड्याच्या चार भट्ट्या बांधल्या, २०१२ ला सुरुवात, चौथी २०२४ ला पूर्ण, आणि आज देशाची सुमारे पाव वीज तिथून येते. शिकणं एका जागी, एका नमुन्यावर, सलग झालं तर खर्च आटोक्यात राहतो. पण त्यासाठी देशाला वीस वर्षं एकच निर्णय धरून ठेवावा लागतो. किती देशांना ते जमतं?

दुसरीकडे सौर पॅनेल कारखान्यात बनतं. ते बांधायचं नसतं, लावायचं असतं. २०२४ साली जगात सुमारे ४५० गिगावॉट सौर क्षमता नव्याने आली, तर नव्या अणुभट्ट्या सहा-सात गिगावॉटच्या. यावर अणुवाले लगेच म्हणतात की ही तुलना फसवी आहे, सूर्य रात्री नसतो. बरोबर आहे, म्हणून वजावट करूनच पाहू. पॅनेल वर्षाच्या सरासरीत क्षमतेच्या १५ टक्केच चालली असं धरलं तरी ती वर्षाला ५९० अब्ज युनिट देतील. सात गिगावॉटच्या भट्ट्या ८५ टक्के चालल्या तर ५२ अब्ज. वजावटीनंतरही सौर ऊर्जा अकरा पट पुढे आहे. ज्यांना हवामानासाठी येत्या दहा वर्षांत काही करायचं आहे, त्यांनी पहिला पैसा कुठे घालायचा हे या हिशेबातून आपोआप ठरतं.

मग ‘दिवसा सूर्य आणि रात्री अणू’ अशी वाटणी करता येईल का? ऐकायला ही कल्पना सोपी वाटते, आणि सभांमध्ये ती हमखास मांडली जाते. पण अणुभट्टीचा स्वभाव तसा नाही. तो समजून घेण्यासाठी चेर्नोबिलच्या स्फोटाच्या रात्रीकडे थोडं जवळून पाहायला हवं.

२५ एप्रिल १९८६ च्या दुपारी चौथ्या भट्टीची शक्ती निम्म्यावर आणली होती. एक चाचणी करून ती बंद करायची होती. दोन वाजता कीव्हच्या वीजजाळ्याच्या नियंत्रकाचा निरोप आला: संध्याकाळी विजेची गरज आहे, इतक्यात थांबवू नका. रात्री अकरापर्यंत भट्टी तशीच अर्ध्या शक्तीवर राहिली, चाचणी ज्यांना करायची होती त्यांची पाळी बदलली. विखंडनातून आयोडिन-१३५ तयार होतं, त्याचं काही तासांत झेनॉन-१३५ होतं, आणि झेनॉन न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं. भट्टी पूर्ण जोरात असते तेव्हा ते बनतं तसं जळतंही. शक्ती कमी केली की जळणं मंदावतं, पण आधीच्या आयोडिनमधून बनणं चालूच राहतं, आणि भट्टी आतूनच गुदमरते. त्या रात्री मध्यरात्रीनंतर शक्ती एकदम कोसळली. ती वर आणण्यासाठी विखंडन आवरणारे नियंत्रक दांडे मर्यादेपलीकडे बाहेर ओढले गेले. त्या सोव्हिएत आराखड्यातच मोठे दोष होते, तसली भट्टी आज कुणी बांधत नाही, आणि आधुनिक भट्टीत ही साखळी स्फोटापर्यंत जाऊ शकत नाही. पण झेनॉन मात्र प्रत्येक भट्टीत असतं. म्हणूनच भट्टीला सूर्याच्या तालावर रोज वर-खाली नाचवणं सोपं नसतं. फ्रेंच चालक ते बऱ्यापैकी करतात, पण त्यांच्या हाताशी पन्नासहून जास्त भट्ट्या आहेत. एक थकली की दुसरी पुढे करता येते.

भौतिकशास्त्रापेक्षाही मोठी अडचण पैशाची आहे. गॅसचं केंद्र बंद ठेवलं की गॅस वाचतो. अणुभट्टीचा खर्च मात्र बहुतेक सगळा बांधकामाचा आणि कर्जाचा, इंधन त्यामानाने किरकोळ. अर्धा दिवस ती थांबवली तर वाचत काहीच नाही, उत्पन्न मात्र बुडतं. दुपारी बाजारात विजेचा भाव शून्याला टेकतो, कधी त्याखालीही जातो, तेव्हा भट्टी नुकसानीत वीज ढकलत असते. राखीव गडी असा हवा की बसून राहिला तरी परवडला पाहिजे. अणुभट्टी हा जगातला सगळ्यात महाग राखीव गडी आहे. संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी बॅटऱ्या आता त्याहून कितीतरी स्वस्तात उभ्या राहतात.

तरीही मी नव्या भट्ट्यांना सरसकट नकार देत नाही, आणि त्याचं कारण हिवाळा. उत्तरेकडच्या देशांत नोव्हेंबर-डिसेंबरात असे दिवस येतात की आकाश झाकलेलं असतं आणि वाराही पडलेला असतो. जर्मन भाषेत त्यासाठी डुंकेलफ्लाउटे असा खास शब्दच आहे. चार तासांची बॅटरी अशा आठवड्याला पुरत नाही. वीजजाळ्यातली पहिली साठ-सत्तर टक्के जागा सूर्य-वाऱ्याने भरणं सोपं असतं. शेवटची दहा-पंधरा टक्के भरायला मात्र दुप्पट-तिप्पट पॅनेल, लांबच लांब वाहिन्या आणि आठवडे पुरेल असा साठा लागतो. जिथे धरणांचं पाणी मुबलक आहे तिथे हा प्रश्न हलका होतो. जिथे ते नाही, ऊनही बेताचं आहे आणि थंडीत मागणी वाढते, तिथे सलग चालणाऱ्या काही भट्ट्या सगळ्या जाळ्याचा एकूण खर्च कमी करू शकतात. त्यांनी तिथे पाया धरून ठेवावा, बाकीचं सूर्य-वारा आणि साठ्याने करावं. काही नवे आराखडे तर या अडचणीवरच उत्तर शोधत आहेत. अमेरिकेत वायोमिंगमधल्या केमररला, जुन्या कोळसा केंद्राच्या शेजारी, वितळलेल्या मिठात उष्णता साठवून गरजेच्या वेळी जास्त वीज देणारी भट्टी उभारण्याचं काम चालू आहे. जमलं तर मला मनापासून आनंद होईल. पण लहान, कारखान्यात बनणाऱ्या भट्ट्यांबद्दल जे ढोल वाजतात त्यांवर विसंबून कोळशाची मुदत कुणी वाढवू नये. अमेरिकेतल्या अशा पहिल्या मोठ्या प्रकल्पाचा खर्च वाढत गेला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तो रद्द झाला.

कचऱ्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण हा प्रश्न जितका न सुटणारा म्हणून सांगितला जातो तितका तो नाही. युरेनियमची एक गोळी करंगळीच्या टोकाएवढी असते, आणि तिच्यातून साधारण टनभर कोळशाइतकी ऊर्जा मिळते. कचरा भयंकर असला तरी आकाराने लहान असतो. फिनलंडने ओंकालो इथे जवळजवळ दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात ४३० मीटर खोल बोगदे खणले आहेत. वापरलेलं इंधन तांब्याच्या डब्यांत, भोवती बेंटोनाइट माती भरून, तिथे ठेवायचं आहे. मला त्यातली अभियांत्रिकीइतकीच परवानगीची पद्धत महत्त्वाची वाटते. तिथल्या कायद्याने गावाला नकाराधिकार आहे, आणि ओंकालो जिथे आहे त्या एउरायोकीच्या नगरपालिकेने तो न वापरता २००० साली संमती दिली. ज्यांना भट्टी हवी त्यांनी गावाला असा खराखुरा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क द्यावा.

मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप वेगळाच आहे. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधलं झापोरिझिया हे युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र रशियन सैन्याने ताब्यात घेतलं, आणि तेव्हापासून ते युद्धरेषेवर आहे. पवनचक्की बळकावून कुणी शेजाऱ्याला धमकावू शकत नाही. शांतता गृहीत धरून बांधलेली वस्तू साठ-सत्तर वर्षं चालवायची, आणि तेवढा काळ शांतता टिकेलच याची हमी कुणालाच देता येत नाही. यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. नव्या भट्टीची जागा ठरवताना हा विचार सगळ्यात वर असावा एवढंच म्हणता येतं.

पण चालू भट्ट्यांचा निर्णय थांबून राहत नाही, तो आत्ता होतो आहे. कॅलिफोर्नियाने डायब्लो कॅन्यन हे अणुवीज केंद्र बंद करायचं ठरवलं होतं, २०२२ साली कायदा करून मुदत २०३० पर्यंत वाढवली. बेल्जियमने २०२५ च्या मे महिन्यात अणूतून बाहेर पडण्याचा आपला जुना कायदाच रद्द केला. आणि त्याच महिन्यात, १७ तारखेला, तैवानने आपली शेवटची भट्टी थांबवली. त्या बेटाची सुमारे ऐंशी टक्के वीज कोळसा आणि गॅसवर बनते, आणि दोन्ही इंधनं जहाजाने आणावी लागतात. ऑगस्टमध्ये तिथे सार्वमत झालं. भूकंपप्रवण जमीन, कचऱ्याची अडचण, सगळी चर्चा झाली. मत देणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक भट्टी सुरू करण्याच्या बाजूने होते, पण कायद्याला लागणारा होकाराचा आकडा भरला नाही.

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: सुरक्षिततेची खात्री पटल्यावर ही भट्टी पुन्हा सुरू करावी का? तिच्याऐवजी काय जळणार, आणि ते कधी बंद होणार, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. १९७८ साली त्स्वेंटेनडॉर्फबद्दल मत देणाऱ्यांनाही ते विचारलं गेलं नव्हतं.